खरेदीखत आज, नोटीस मागाहून

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रेडी रेकनर वाढणार का, मुद्रांक शुल्कात सवलत मिळणार का, याच्या बातम्या आपल्याकडे ठळक छापून येतात. ते योग्यच आहे, तो पैसा दस्ताच्या आधीच खिशातून जातो. मला लिहायचे आहे ते मागाहून जाणाऱ्या पैशाबद्दल.

जमीन घेताना-विकताना आयकराचे काही कागद करावे लागतात. (पुढची कलमे, फॉर्म आणि रकमा ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या, १९६१ च्या आयकर कायद्यातल्या आहेत.) ते कोणते, कुणी करायचे, कधीपर्यंत करायचे, हे खरेदीखत नोंदवताना कुणीही सांगत नाही. सांगते ती नोटीस. ती येईपर्यंत वर्ष-दोन वर्षे उलटलेली असतात, विकणाऱ्याने पैसे भावंडांत वाटून टाकलेले असतात आणि घेणारा त्या जागेवर बांधकामाला लागलेला असतो.

मी दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आवाराबाहेर बसणारा दस्तलेखक आहे. साठेखत, खरेदीखत, हक्कसोड, बक्षीसपत्र, मुखत्यारपत्र लिहिणे हा माझा धंदा. टाइपरायटर आणि हिरव्या लेजर कागदावर सुरुवात केली, आता संगणकावर डेटा एंट्री करून देतो. टेबल तेच, गर्दीही तीच.

माणूस येतो तेव्हा त्याच्या पिशवीत सातबारा असतो, आठ-अ असतो, फेरफार असतात. शेतजमीन असेल तर घेणाऱ्याचा शेतकरी असल्याचा पुरावा असतो. वर्ग दोनची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, असेल तर परवानगीचा आदेश असतो. महसुलाचे कागद लोकांना तोंडपाठ आहेत, कारण त्यांतला एखादा कमी पडला तर पुढे काम अडते. आयकराचा म्हणून एकच कागद आणतात, पॅन कार्ड. दहा लाखांवरच्या व्यवहाराला पॅन लागतो, नसेल तर फॉर्म ६० भरून द्यायचा, एवढे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. आणि पॅनची झेरॉक्स दिली की आयकराचे काम संपले, अशी समजूत आहे. चांगल्या शिकलेल्यांचीही.

एक निवृत्त शिक्षक अलीकडेच नोटीस घेऊन माझ्याकडे आले. २०२४ च्या डिसेंबरात त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने मिळून एक बिनशेती प्लॉट घेतला होता. किंमत ६२ लाख. विकणारे चौघे, एक भाऊ आणि तीन बहिणी, वडिलांच्या पश्चात वारस लागलेले. सगळा पैसा बँकेतून, धनादेशाने; एक रुपया इकडचा तिकडे नाही. तरी नोटीस. कारण ५० लाख किंवा त्यावरच्या जागेचे पैसे देताना घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावचा आयकर, आधीच कापून सरकारात भरायचा असतो. आयकर कायद्याचे कलम १९४-आयए, १ जून २०१३ पासून लागू झाले. फॉर्म २६ क्यूबी भरायचा, ज्या महिन्यात पैसे दिले तो महिना संपल्यापासून तीस दिवसांत. मग आयकर खात्याच्या ट्रेसेस या संकेतस्थळावरून फॉर्म १६ बी, म्हणजे कर कापल्याचा दाखला, काढून विकणाऱ्याच्या हाती द्यायचा. त्यासाठी टॅन, म्हणजे टीडीएस कापणाऱ्याचा वेगळा नंबर, लागत नाही, दोन्हीकडचे पॅन पुरतात. विसार देताना कापायचा, साठेखताला हप्ता दिला तर त्यावर कापायचा, खरेदीखताला उरलेल्यावर कापायचा.

मास्तर म्हणाले, "माझा टीडीएस आयुष्यभर शाळेने कापला. मी दुसऱ्याचा कापायचा असतो हे मला कोण सांगणार?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पण हिशेब मात्र होता आणि तो आपल्या वाचकांसाठी इथे मांडतो. ६२ लाखांचा एक टक्का म्हणजे ६२ हजार. फॉर्म उशिरा भरला की दिवसाला २०० रुपये लेट फी लागते, ती कराच्या रकमेपर्यंत वाढते आणि तिथे थांबते. कुणालाही वाटेल की २०० रुपयांच्या चालीने ६२ हजार व्हायला दहा महिने लागतील. तसे होत नाही. फॉर्म २६ क्यूबी प्रत्येक घेणारा आणि प्रत्येक विकणारा यांच्या जोडीमागे वेगळा भरावा लागतो. इथे घेणारे दोन, विकणारे चार. फॉर्म झाले आठ. एका फॉर्मवर कर ७,७५० रुपये आणि लेट फीचे मीटर आठही फॉर्मवर एकाच वेळी चालू, म्हणजे दिवसाला १,६०० रुपये. ३९ व्या दिवशी फी कराइतकी होऊन बसते. वर न कापल्याबद्दल महिन्याला एक टक्का व्याज. कापून ठेवला आणि भरला नाही तर दीड टक्का.

आता सातबाऱ्यावर किती नावे असतात ते आपल्या वाचकांना मी काय सांगावे. वारस नोंद झाली की पाच नावे, त्यांतला एखादा गेला की त्याची चार मुले. असा गट दोघा भावांनी मिळून घेतला आणि तीन हप्त्यांत पैसे दिले, तर फॉर्म किती होतील ते ज्याचे त्याने मोजावे. लोक साहजिकच सोपा मार्ग काढतात. थोरल्या भावाच्या पॅनवर एकच फॉर्म भरून मोकळे होतात. मग सगळा टीडीएस त्याच्या २६ एएस मध्ये, म्हणजे नावावर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, दिसतो, बहिणींच्या खात्यात शून्य. चुकलेला पॅन नंतर बदलायचा तर अर्ज आयकर अधिकाऱ्यापर्यंत जातो, आणि इकडे बहिणी म्हणतात दादाने पैसे खाल्ले.

मर्यादेबाबतही गैरसमज आहेत. "दोघांच्या नावे घेऊ, म्हणजे प्रत्येकी पन्नासच्या आत," असे सांगणारे सल्लागार माझ्या टेबलाच्या आसपासच उभे असतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून कायद्यातच स्पष्ट लिहिले आहे की सगळ्या घेणाऱ्यांची आणि सगळ्या विकणाऱ्यांची रक्कम एकत्र धरायची. दुसरी पळवाट म्हणजे ४९ लाखांचे खरेदीखत. १ एप्रिल २०२२ पासून तीही बंद आहे. मोबदला ४९ लाख आणि सरकारी बाजारमूल्य ५३ लाख असेल तर टीडीएस ५३ लाखांवर.

आता मुद्द्यावर येतो. इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, काढून पाहा. त्यावर 'मोबदला' आणि 'बाजारभाव' हे दोन आकडे छापलेले असतात. त्यांतला मोठा कोणता हे मुद्रांक शुल्कासाठी संगणक आधीच तपासतो. घेणाऱ्या-विकणाऱ्यांचे पॅन नोंदवलेले असतात. ३० लाख आणि त्यावरच्या प्रत्येक व्यवहाराची माहिती नोंदणी कार्यालय दरवर्षी ३१ मेपर्यंत आयकर खात्याला पाठवते, ती आपल्या एआयएस मध्ये, म्हणजे आयकराच्या वार्षिक माहितीपत्रकात, उमटते. शिवाय २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की दस्तात दोन लाख किंवा जास्त रक्कम रोख दिल्याचे लिहिले असेल तर निबंधकाने आयकर खात्याला कळवावे. म्हणजे खात्याला कळवायची सगळी व्यवस्था आहे. जो माणूस बोटाचा ठसा द्यायला समोर बसला आहे, त्याला कळवायची नाही.

निबंधक साहेबांना विचारले तर उत्तर ठरलेले: आयकर केंद्राचा, आम्ही राज्याचे, आमचे काम दस्त नोंदवायचे. मी त्यांना दोष देत नाही. एकेका कार्यालयात सर्व्हर बंद पडला की जी दाटी होते ती मी बघतो. त्यात आणखी एक कागद तपासा असे म्हणायला जीभ रेटत नाही. आणि तपासणीचा जुना अनुभवही काही गोड नाही. आज चाळिशीच्या आत असलेल्यांना माहीत नसेल, पण २००१ पर्यंत पाच लाखांवरच्या खरेदीखताला विकणाऱ्याने आयकर खात्याचा दाखला आणावा लागे. कलम २३०-ए, फॉर्म ३४-ए. तो दाखला नसेल तर निबंधक दस्त नोंदवत नसे. त्या एका कागदासाठी माणसे जिल्ह्याच्या गावी हेलपाटे घालत, मुक्काम करत, आणि तो कागद लवकर कसा निघतो हे सांगणारे मध्यस्थ तेव्हाही होते. १ जून २००१ पासून ते कलम गेले तेव्हा आमच्या रांगेत कुणी हळहळले नाही.

पुढे २०१२ च्या अर्थसंकल्पात जमिनीवरचा टीडीएस प्रथम सुचवला गेला, त्यात टीडीएस भरल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय दस्त नोंदवू नये अशीही तरतूद होती. ओरड झाली आणि प्रस्ताव मागे घेतला. वर्षभराने टीडीएस आला, निबंधकाची अट मात्र आली नाही. लोकांचा त्रास वाचावा म्हणून अट गाळली हे मान्य. पण अट गाळली आणि दंड तेवढा ठेवला, तर दस्ताच्या दिवशीचा त्रास दोन वर्षांनी व्याजासकट भेटतो. ३४-ए परत आणा असे मी मुळीच म्हणत नाही. अडवू नका, पण सांगा तरी.

शेतजमिनीचे दुखणे याहून वेगळे आहे, आणि आमच्यासारख्या तालुक्यात तेच मोठे.

"शेतीला कर नसतो" हे वाक्य मी दिवसातून किती वेळा ऐकतो! ते अर्धेच खरे आहे. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही. शेतजमीन विकून झालेल्या नफ्याला कर आहे की नाही, हे ती जमीन कुठे आहे यावर ठरते. दहा हजार किंवा जास्त लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीत असेल तर ती आयकराच्या लेखी शहरी. हद्दीबाहेर असली तरी, लोकसंख्या दहा हजारांच्या वर आणि लाखापर्यंत असेल तर हद्दीपासून दोन किलोमीटर, लाखाच्या वर आणि दहा लाखांपर्यंत असेल तर सहा, आणि दहा लाखांच्या वर असेल तर आठ किलोमीटरच्या आतली जमीन शहरी धरतात. त्यापलीकडची ग्रामीण, तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही, आणि घेणाऱ्याने टीडीएसही कापायचा नाही.

हे अंतर मोजायचे कुठून? एसटी स्टँडवरून नव्हे, चौकातूनही नव्हे, पालिकेच्या हद्दीच्या रेषेपासून. आणि कसे? २०१३ च्या दुरुस्तीपासून सरळ हवाई अंतर. रस्त्याचे नव्हे.

आमच्याकडे नदी आडवी आहे. पलीकडच्या काठावरच्या एका शेतकऱ्याने दोन एकर बागायत विकली, पंचावन्न लाखांना. गाडीने गेले तर पुलावरून वळसा घालून शहराची हद्द पाच किलोमीटरच्या पुढे भरते. घेणाऱ्यानेही मोबाइलवर नकाशा उघडून दाखवला: बघा, पाच पॉइंट दोन. पण तो रस्ता होता. नदीवरून सरळ रेघ ओढली तर अंतर दीड किलोमीटरही नाही. शिवाय शहर म्हणावे असे ते गाव कालपरवापर्यंत ग्रामपंचायतच होते. गेल्या दहा-बारा वर्षांत राज्यातल्या अनेक तालुक्यांच्या गावी ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, तशी इथेही आली. कायद्यात 'नगरपालिका, मग तिला काहीही नाव असो' अशा अर्थाचे शब्द आहेत, त्यामुळे नगरपंचायतही त्यात आली. जमीन तिथेच, विहीर तिथेच, ऊसही तोच. बदलला तो गावाच्या कचेरीवरचा फलक, आणि बिचारा शेतकरी भांडवली नफ्याच्या कराला पात्र झाला. त्याला हे कळले ते पैसे मुलीच्या लग्नात आणि ट्रॅक्टरच्या कर्जात गेल्यावर.

वेळेत कळले असते तर त्याला वाट होती. स्वतः कसलेली जमीन विकून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर कलम ५४-बी ची सूट आहे. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घेता आली नाही तर तेवढी रक्कम बँकेत भांडवली नफा खात्यात ठेवता येते. पण ही सूट आधी माहीत असलेल्यांसाठी आहे.

उलट बाजूचे हालही कमी नाहीत. खरोखर दूरच्या गावातली, बारा-पंधरा किलोमीटरवरची कोरडवाहू जमीन कुणी शहरवासी शेतकरी घेतो. त्याचा सीए म्हणतो, कशाला भानगड, एक टक्का कापून टाक. विकणाऱ्या म्हाताऱ्याचे पैसे विनाकारण कापले जातात, आणि ते परत मिळवायला त्याला जन्मात पहिल्यांदा आयकर विवरणपत्र भरावे लागते. त्याच्याकडे पॅनच नसेल तर दर एक टक्का राहत नाही, वीस टक्के होतो. फॉर्म ६० वर दस्त होईल, पण टीडीएसच्या वेळी तो फॉर्म उपयोगी नाही.

मग जमीन ग्रामीण आहे याचा कागद द्यायचा कुणी? इथे खरी गंमत सुरू होते. तलाठी म्हणतात, अंतराचा दाखला आमच्या नमुन्यात नाही. भूमी अभिलेखवाले म्हणतात, मोजणीचा अर्ज करा. पण मोजणी गटाची होते, गटापासून शहराच्या हद्दीची नव्हे. नगरपंचायत म्हणते, हद्दीचा नकाशा आहे, पण हद्दीबाहेरच्या गटाबद्दल आम्ही कसे लिहून देणार? शेवटी कुणीतरी ओळखीने साध्या कागदावर 'सदर गाव शहरापासून अंदाजे अमुक किलोमीटर' असे लिहून शिक्का मारतो. अंदाजे! आणि तेही रस्त्याचे. नोटीस आली की तो कागद टिकत नाही.

दुसरा पुरावा पीकपाण्याचा. जमीन कागदोपत्री शेतीची असून भागत नाही, ती कसली जात होती हे दिसावे लागते. सातबाऱ्याच्या खालच्या भागात, नमुना बारात, ते दिसायचे. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून नोंद करायची. ज्याच्या घरी तरुण मुलगा आहे त्याची होते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याचा रकाना कोरा. शेतात ज्वारी उभी, उतारा पड. जमीन विकायच्या विचारात असलेल्यांना मी इतकेच सांगतो की विक्रीच्या आधीच्या काही वर्षांचे उतारे पीक नोंदीसह आताच काढून डिजिटल सहीने जपून ठेवा. जमीन विकल्यावर त्यावरचे नाव बदलते, आणि मग जुने कागद गोळा करताना उत्साह कुणालाच राहत नाही.

पॅनबद्दल आणखी एक. पॅन आधारशी जोडलेला नसेल तर तो निष्क्रिय होतो आणि कायद्याच्या दृष्टीने तो नसल्यातच जमा. म्हणजे पुन्हा वीस टक्के. मास्तरांच्या ६२ लाखांवर १२ लाख ४० हजार! विकणाऱ्याच्या पॅनची ही स्थिती घेणाऱ्याने तपासायची, आणि न तपासता एकच टक्का कापला तर उरलेल्या एकोणीस टक्क्यांची मागणी घेणाऱ्यावर. अशा नोटिसा देशभर निघाल्या, तक्रारी झाल्या, मग प्रत्यक्ष कर मंडळाने २०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ च्या जुलैमध्ये परिपत्रके काढून, ठरलेल्या मुदतीत पॅन जोडून घेतल्यास सवलत दिली. बरे झाले. पण आयकराच्या संकेतस्थळावर लॉगिन न करताही आधार-जोडणीची स्थिती दिसते. दस्ताच्या आदल्या दिवशी विकणाऱ्याला शेजारी बसवून ते दोन नंबर टाकून पाहिले, तर परिपत्रकाची वाट बघत बसावे लागणार नाही.

परदेशी असलेल्या भावंडांचे प्रकरण मी थोडक्यात सांगतो, कारण तेवढे मोठे दस्त माझ्याकडे कमी येतात. सातबाऱ्यावरची एक बहीण अमेरिकेत, तिचे मुखत्यारपत्र भावाकडे. दस्तावर सही भावाची, पत्ता गावचा, आणि घेणाऱ्याला वाटते सगळे इथलेच. तिच्या हिश्शाला हा एक टक्क्याचा नियम नाहीच. तिथे कलम १९५ लागते, ५० लाखांची मर्यादा नाही, दर कितीतरी जास्त, घेणाऱ्याला टॅन काढावा लागतो आणि फॉर्म २७ क्यू भरावा लागतो. कमी कापायचे असेल तर तिने आधी आयकर अधिकाऱ्याकडून तसा दाखला आणायचा. मुखत्यारपत्र दिसले की मी आता पहिला प्रश्न विचारतो, लिहून देणार कुठे राहतात? भारतात की बाहेर? लोकांना तो खाजगी चौकशी वाटते.

विसाराच्या रोख रकमेबद्दलही एका वाक्यात: २० हजार किंवा त्यावर रोख विसार घेतला तर घेणाऱ्याला, म्हणजे जमीन विकणाऱ्याला, तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो; फक्त दोघेही शेतीउत्पन्नवाले असतील आणि कुणाचेच करपात्र उत्पन्न नसेल तर सूट आहे. तरी लाखाची थप्पी टेबलावर ठेवून 'पावती करा' म्हणणारे कमी झालेले नाहीत.

आणि वडिलोपार्जित शहरी जमीन विकणाऱ्यांनी १ एप्रिल २००१ ची किंमत काढून ठेवावी. त्याआधीपासून घरात असलेल्या जमिनीचा नफा मोजताना ती किंमत मूळ खरेदी म्हणून धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्यावा. मात्र त्या तारखेचे मुद्रांक मूल्य उपलब्ध असेल तर त्याहून जास्त धरता येत नाही. जुलै २०२४ च्या बदलानंतर दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के, पण २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनीसाठी इथे राहणाऱ्या व्यक्तीला महागाई निर्देशांक लावून वीस टक्के हा जुना हिशेबही करून बघता येतो. दोन्ही मांडून जो कमी तो भरावा. हा हिशेब विकण्याआधी केला तर किंमत ठरवतानाही उपयोगी पडतो.

आता मला काय हवे आहे ते सांगतो. नोंदणी विभागाच्या डेटा एंट्रीत मोबदला किंवा बाजारमूल्य ५० लाख वा त्याहून जास्त भरले, की पडद्यावर मराठीत चार ओळी याव्यात: टीडीएस कुणी कापायचा, किती, कोणत्या तारखेच्या आत, आणि घेणारे-विकणारे इतके असल्याने फॉर्म किती. त्याच ओळी नोंदणी फीच्या पावतीवर छापाव्यात. दस्त अडवायचा नाही, पुरावा मागायचा नाही. आकडे आधीच आत आहेत. बेरीज-गुणाकार संगणकाने करायचा आहे.

शेतजमिनीसाठी जिल्हाधिकाऱ्यांनी गाववार, गटवार यादी प्रसिद्ध करावी. पालिकांच्या हद्दी अधिसूचित आहेत. गावनकाशे डिजिटल होऊन संकेतस्थळावर आले आहेत. हद्दीच्या रेषेपासून दोन, सहा, आठ किलोमीटरची रेघ मारली की आतले गट कोणते आणि बाहेरचे कोणते हे भूमी अभिलेख खात्याला सांगता येईल. सातबाऱ्यावर तशी एक नोंद आली तर दाखल्याचा प्रश्नच मिटेल. सध्या लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरली जाते. २०२७ च्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले की कित्येक नगरपंचायती दहा हजारांच्या आणि कित्येक नगरपालिका लाखाच्या पुढे गेलेल्या दिसतील. तेव्हा आज ग्रामीण असलेले गट एका रात्रीत शहरी होतील, आणि त्या गटांचे मालक माझ्यासमोर बसून "शेतीला कर नसतो" म्हणतील.

आमच्या धंद्यातल्या मंडळींनाही हे लागू आहे. "आयकराचं मी बघून घेतो" असे म्हणून दोन-तीन हजार घेणारे आणि काहीही न करणारे आमच्यात आहेत, हे मी नाकारत नाही. लोकांना पावतीवरच सगळे वाचायला मिळाले तर ते दुकान आपोआप बंद होईल.

१ एप्रिल २०२६ पासून लागू तो नवा आयकर कायदा, २०२५ चा. १९४-आयए, १९५ हे लोकांच्या तोंडी नुकते कुठे बसू लागलेले आकडे त्यात नाहीत, टीडीएसची कलमे एकत्र करून ३९३ व्या कलमात टाकली आहेत. म्हणजे सीएंपासून आमच्यापर्यंत सर्वांना नव्याने शिकायचे आहे आणि संगणकाच्या प्रणालीतही बदल करावेच लागणार आहेत. नोंदणी महानिरीक्षकांनी त्याच वेळी या चार ओळी घालून घ्याव्यात. आपल्या वृत्तपत्राच्या वार्ताहराने त्यांना एवढे विचारावे की हे करायला अडचण काय आहे, आणि जे उत्तर मिळेल ते छापावे.

आपला,
एक दस्तलेखक
(नाव व पत्ता संपादकांकडे)